काढून ठेवलेले काटे

समितीच्या कार्यालयात त्यांना तोंडावर ‘सर’ म्हणत आणि पाठीमागे ‘दशांशराव’. हे दुसरे नाव त्यांच्या कानांवर पडलेले होते आणि मनातून ते त्यांना आवडतही असे. तंत्रनिकेतनात शिकून चाळीस वर्षे पंप, पाइप आणि वजनकाटे यांच्याशी संसार केलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या माणसाला याहून वेगळी पदवी कशाला हवी होती? एकही आकडा दशांश चिन्हाशिवाय त्यांच्या टेबलावरून पुढे सरकत नसे. नव्याने लागलेल्या कारकुनाला ते पहिल्याच दिवशी समोर बसवून घेत आणि सांगत, "तक्त्यात जागा कोरी ठेवायची नाही. मोजलं नसेल तर रेघ मारा. मोजलं आणि सापडलं नाही, तर शून्य पूर्णांक शून्य लिहा. रेघ म्हणजे मला माहीत नाही. शून्य पूर्णांक शून्य म्हणजे मी हात घालून शोधलं आणि ते तिथे नव्हतं. दोन्हींची गल्लत केलीत तर माझ्याशी गाठ आहे."

देशाचे कचरा व्यवस्थापन आणि पुनर्चक्रण धोरण अडीच वर्षे घडत होते. देशात रोज किती कचरा निघतो याचेच तीन खात्यांकडे तीन आकडे होते, आणि प्रत्येक खाते आपल्या आकड्याला कवटाळून बसले होते. पहिल्या चार बैठका त्यातच वाहून गेल्या. पाचव्या बैठकीत दशांशराव म्हणाले, "किती आहे यावर भांडण्याआधी काय आहे ते तरी बघू या." आणि अशा वेळी नेहमी होते तसे, बघण्याचे काम बोलणाऱ्याच्याच गळ्यात पडले.

त्यांनी पाच वर्गीकरण केंद्रे निवडली. प्रत्येक केंद्रात चार गाड्या, म्हणजे वीस नमुने. पद्धत जुनी आणि साधी होती. गाडीतला कचरा फरशीवर ओतून मिसळायचा, त्याचा गोल ढीग करायचा, फावड्याने फुलीसारख्या दोन रेघा ओढून चार वाटे पाडायचे. समोरासमोरचे दोन वाटे टाकून द्यायचे, उरलेले दोन पुन्हा मिसळायचे. असे करत करत शंभर किलोंचा ढीग उरला की तो हातांनी निवडून आठ टोपल्यांत घालायचा आणि एकेक टोपली काट्यावर चढवायची. निवडण्याचे काम दशांशराव स्वतः उकिडवे बसून करीत, आणि तेही उघड्या हातांनी. हातमोजा घातला की ओले-सुके कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कोणी टोकले तर म्हणत, "डॉक्टर हातमोजा घालून नाडी बघतो का?"

वीस नमुन्यांचे वजन दोन हजार चौदा किलो भरले आणि त्यातून परिशिष्ट तीन तयार झाले. आठ ओळी, शेवटी बेरीज शंभर पूर्णांक शून्य. सातवी ओळ होती घातक घरगुती कचऱ्याची, म्हणजे इंजेक्शनच्या सुया, पाती, बॅटऱ्या, फुटक्या ट्यूबलाइट, उरलेली औषधे. तिच्यापुढे आकडा आला शून्य पूर्णांक शून्य. दशांशरावांनी वीसच्या वीस कागद तीनदा तपासले. एकाही नमुन्यात एक सुई नव्हती.

त्या शून्याने मसुद्यातले कलम अकरा पडले. ते कलम त्यांनीच आग्रहाने घालून घेतले होते. घातक भाग वजनाने अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त आढळला, तर तो घराघरांतून बंद डब्यांत वेगळा गोळा करायचा आणि कचरा निवडणाऱ्या प्रत्येक कामगाराला काविळीची लस व जाड हातमोजे द्यायचे, असे ते कलम होते. ते पडले तेव्हा त्यांना थोडे वाईट वाटले. पण आकड्यापुढे आपली आवडनिवड ती काय, असे म्हणून त्यांनी स्वतःच त्या पानावर काट मारली. मसुदा शुक्रवारी मंत्रिमंडळापुढे जायचा होता.

त्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी घोडे अडले, आणि तेही स्वयंपाकघरात.

दशांशरावांच्या पत्नीला अकरा वर्षांपासून मधुमेह होता. न्याहारीआधी एक आणि रात्रीच्या जेवणाआधी एक अशी दोन इंजेक्शने ती स्वतःच टोचून घेई. त्या दिवशी वर्तमानपत्र उशिरा आले म्हणून दशांशराव नुसतेच खुर्चीवर बसून होते. नाहीतर अकरा वर्षांत त्या वेळी त्यांचे डोळे कागदातून वर आलेले नव्हते. पत्नीने पोटाला सुई टोचली, काढली, टोपण लावायचा एकदा प्रयत्न केला, ते जमेना म्हणून सुई तशीच ओट्याखालच्या बादलीत टाकली. कांद्याच्या सालींवर पडताना तिचा आवाजही झाला नाही.

"रोज तिथेच टाकतेस?" त्यांनी विचारले.

"मग काय शोकेसमध्ये मांडू?"

"म्हणजे गाडीत जाते ती."

"आपल्या घरातलं सगळंच गाडीत जातं. तुम्ही एवढे उरलाय."

एरवी या बोलण्यावर ते हसले असते. त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला. दिवसाला दोन, वर्षाला सातशे तीस. एका घरातून. या इमारतीत मधुमेहाची माणसे त्यांना माहीत असलेली सहा. आणि या गल्लीची गाडी जात होती ती पाच केंद्रांतल्या पहिल्याच केंद्रात, मुकादम आक्काच्या शेडमध्ये. तिथल्या चार नमुन्यांत एक सुई नव्हती.

बादलीशी बसून त्यांनी चिमट्याने ती सुई बाहेर काढली, चहापूड संपलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकली आणि झाकण घट्ट बसवले. "आजपासून यात टाकत जा," ते म्हणाले. मग कपाटातून नमुन्यांच्या दिवसांची वही काढली.

वहीत सगळे होते. गाडीचा नंबर, मालाचे वजन, ओतल्याची वेळ, हवा, काट्यांची तपासणी. ऐकलेले महत्त्वाचे वाक्य अवतरणचिन्हांत जसेच्या तसे लिहायची त्यांना सवय होती. आक्काच्या शेडच्या पानावर वरच लिहिलेले होते, "साहेब, काटे सगळे काढून ठेवलेत. करा सुरू." आणि खाली त्यांचा शेरा होता, ‘पूर्वतयारी उत्तम. हीच रीत इतर केंद्रांना शिकवावी.’

तो दिवस त्यांना लख्ख आठवला. ते पोहोचले तेव्हा दोन्ही वजनकाटे धुऊन-पुसून फळीवर काढून ठेवलेले होते. आक्काने ते वाक्य म्हटले, त्यांनी काट्यांकडे पाहिले, मान डोलावली आणि वही उघडली. त्या तयारीवर ते इतके खूश झाले होते की पुढच्या चारही केंद्रांत आपण जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी आक्काला आणि तिच्या सुनेला समितीच्या गाडीने पाठवले, तिथल्या बायकांना तयारी शिकवायला.

न्याहारी तशीच टाकून ते शेडवर गेले.

शेड म्हणजे तिन्ही बाजूंनी पत्रे आणि चौथी बाजू उघडी. आत एकतीस बायका लांब टेबलांशी उभ्या राहून कचरा निवडत. आक्का त्यांची मुकादम. पंचावन्नच्या आसपासची, आडव्या बांध्याची, आवाज असा की गाडीचा चालक इंजिन बंद करून ऐकत असे. दशांशरावांना बघताच तिने स्टूल पुसून पुढे ढकलले.

"बसा साहेब. पुन्हा ढीग करायचाय की काय? आधी कळवलं असतं तर तयारी केली असती."

"तयारीचंच विचारायला आलोय आक्का. मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, काटे काढून ठेवलेत. ते कुठले काटे?"

प्रश्न इतका सोपा होता की त्यात काहीतरी खोच असावी, असे आक्काला वाटले. "काटे म्हणजे काटे, साहेब. सुया. इंजेक्शनच्या. आम्ही काटेच म्हणतो त्यांना. सुया, पाती, काचा, ते ट्यूबचे तुकडे, सगळं काट्यांतच."

"ढिगातून काढलेत?"

"मग? तुम्ही उघड्या हातांनी बसणार असं कळलं होतं. तुम्ही यायच्या आधीच चारही गाड्या ओतून घेतल्या आणि आम्ही आठजणींनी सगळा माल खालीवर करून काटे वेचले. दुसऱ्या शेडांतसुद्धा हेच शिकवून आलो. म्हटलं, साहेब म्हातारे आहेत, हाताला लागायला नको." एवढे बोलून ती जरा संकोचली. "म्हातारे म्हणजे, मोठे आहात म्हणून."

शेडच्या टोकाला काच निवडणारी बाई पिंपात बाटल्या टाकत होती. त्यांनी सात बाटल्या मोजल्या आणि मग मोजत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले.

"ते काढलेले काटे कुठे आहेत?"

"आहेत की. कुणाला द्यायचे? घेतं कोण?" तिने टेबलाखालची फळी सरकवली. खाली तेलाचे, रंगाचे पत्र्याचे डबे ओळीने लावलेले होते. तोंडाशी चिंध्या कोंबलेल्या. त्यांतले कोपऱ्यातले दोन तिने पुढे ओढले. "हे तुमच्या चार गाड्यांचे. म्हटलं, साहेबांचं सामान आहे, वेगळं असू दे. मागितलंत तर?"

त्यांनी डबे काट्यावर ठेवले, रिकाम्या डब्यांचे वजन वजा केले. एकोणचाळीस किलो दोनशे ग्रॅम. चार गाड्यांतला माल मिळून दोन हजार आठशे किलो होता. एक पूर्णांक चार टक्के. भागाकार त्यांनी वहीच्या त्याच पानावर, शेऱ्याच्या खाली केला.

तेव्हा त्यांना जाणवले की टेबलाशी एक जागा रिकामी आहे. ती आक्काच्या सुनेची. तेविशीतली मुलगी, जिभेला लगाम नसलेली. नमुन्याच्या दिवशी ढिगाचे चार वाटे पडताना बघून तिने विचारले होते, "साहेब, घरीपण प्रत्येक गोष्टीचे चार वाटे करून दोन टाकून देता का?" ते म्हणाले होते, "घरी टाकून दिलेला वाटा मीच आहे." सगळी शेड हसली होती.

"सून दिसत नाही?"

"दवाखान्यात आहे. कावीळ झालीय. नेहमीची नाही म्हणतात, रक्तातली." आक्काने चिंध्या पुन्हा डब्याच्या तोंडात कोंबल्या. "काटा लागला होता तिला. डॉक्टरांनी विचारलं कधी लागला, तर तारीख बरोबर सांगितली तिने. तुम्ही आलेला दिवस होता ना, म्हणून लक्षात राहिली."

आक्काच्या बोलण्यात ठपका नव्हता. असता तर दशांशरावांना उत्तर तरी देता आले असते.

मंगळवारी सकाळी ते उपसचिवांच्या दालनात गेले. उपसचिव पन्नाशीच्या अलीकडचे, शब्दाला जपणारे गृहस्थ. अडीच वर्षांत त्यांनी दशांशरावांसमोर एकदाही आवाज चढवला नव्हता. दशांशरावांनी सगळे सांगितले, स्वतःच्या हाताने लिहून सही केलेला एक कागद पुढे ठेवला आणि थांबले.

"किती नमुन्यांत असं झालं सर?"

"विसांच्या विसांत."

"म्हणजे परिशिष्ट तीन चुकलं."

"बाकीचे आकडे फार हलणार नाहीत. सातवी ओळ चुकलेली नाही, ती खोटी आहे. मी शोधलं असं तिथे लिहिलंय. निवडून झालेल्या ढिगात शोधणं म्हणजे शोधणं नव्हे."

"मग खरा आकडा काय?"

"एका केंद्राचा एक पूर्णांक चार आला. कलम अकराला अर्धा पुरे आहे."

उपसचिवांनी तो आकडा कसा आला ते विचारून घेतले. दोन डबे, फळीखाली, साडेतीन महिने. मग ते उठले, कपाटातून नमुने घेण्याची नियमपुस्तिका काढली, पान उलटले आणि वाचले, "नियम सहा. ज्या नमुन्यावर मोहोर नाही आणि जो अधिकाऱ्याच्या नजरेआड राहिला आहे, तो नमुना नव्हे." पुस्तिका त्यांनी दशांशरावांकडे वळवून ठेवली. "हे कुणी लिहिलंय सर?"

"मी."

"उद्या कोणी हाच नियम माझ्या तोंडावर फेकला तर मी काय सांगू? डबे एका मुकादम बाईने जपून ठेवले होते?"

"मग एक पूर्णांक चार लिहू नका. रेघ मारा. मोजलं नाही एवढं तरी खरं लिहा, आणि पुन्हा मोजायला मला तीन आठवडे द्या."

उपसचिवांनी पेनाचे टोपण लावले. "सर, रेघ दिसली की प्रश्न येणार. प्रश्न आला की फाइल परत. निवडणुका तोंडावर आहेत. परत गेलेली फाइल पुढच्या सरकारच्या टेबलावर पहिल्यापासून सुरू होते. उघड्यावर कचरा जाळणं बंद होतंय या धोरणाने. नदीकाठचे ढीग हलताहेत. हे सगळं एका ओळीसाठी थांबवू? तुम्हीच सांगा, मी ऐकतो."

माणूस वाईट नव्हता आणि बोलत होता तेही खोटे नव्हते.

"त्या शेडमध्ये एकतीस बायका आहेत," दशांशराव म्हणाले. "एक दवाखान्यात आहे. उरलेल्या तीसजणींना लस मिळाली तर माझं काम झालं."

"मी बघतो. चुकीचा आकडा छापला जाणार नाही, एवढा शब्द देतो."

बुधवारी ते सरकारी दवाखान्यात गेले. बायकांच्या वॉर्डात आक्काच्या सुनेची खाट भिंतीकडची होती. तिचे डोळे आणि नखे पिवळीजर्द झाली होती, पोट फुगलेले, आणि हात इतके बारीक की सलाइनची पट्टी दोनदा गुंडाळावी लागली होती. तिला त्यांना ओळखायला वेळ लागला.

"साहेब, आत्या सांगत होत्या, आमच्यामुळे तुमचा कागद बिघडला."

"कागद माझा आहे. मीच बिघडवला."

"आम्हाला काय माहीत, काटेपण मोजायचे असतात." ती थांबली, श्वास घेतला. "मोजण्यासारखं काय आहे त्यात? आता दुरुस्त होईल ना?"

"होईल," दशांशराव म्हणाले. आयुष्यात त्यांनी मोजल्याशिवाय उच्चारलेल्या थोड्या शब्दांपैकी तो एक होता.

शुक्रवारी मंत्रिमंडळाने धोरण मंजूर केले. रविवारी पहाटे आक्काची सून गेली. दशांशरावांना दोन्ही बातम्या सोमवारी एकदमच कळल्या, कारण गाडी आली नाही, शेडला सुट्टी का, म्हणून चौकशी करायला त्यांनी चालकाला फोन केला, तेव्हा शिपाई धोरणाची छापील प्रत घेऊन दाराशी उभा होता.

प्रत त्यांनी दोन दिवस उघडली नाही. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर बसून परिशिष्ट तीन काढले. उपसचिवांनी दिलेला शब्द पाळला होता. चुकीचा आकडा कुठेही छापलेला नव्हता. सातवी ओळच नव्हती. आठवी ओळ सातव्या क्रमांकावर चढली होती. त्यांनी सवयीने बेरीज करून पाहिली. ती शंभर पूर्णांक शून्यच आली. शून्य पूर्णांक शून्य काढून घेतल्याने बेरजेचे काय बिघडणार होते? आणि चौथ्या प्रकरणाच्या आरंभी, त्यांच्याच जुन्या वाक्यातला एक शब्द बदलून, लिहिलेले होते, ‘या देशातील घरगुती कचरा पुढील सात घटकांचा बनलेला आहे.’

"काय हो, एवढं काय वाचताय?" पत्नीने विचारले.

"रेघ मारा म्हणालो होतो," ते म्हणाले. "त्यांनी ओळीवर मारली."

मग ते कलम चौदापाशी आले. हे कलम त्यांनी मसुद्यात अनेकदा वाचले होते आणि त्यात वावगे काही दिसले नव्हते. परिशिष्ट तीनमधील घटकांव्यतिरिक्त काही वर्गीकरण केंद्रात आढळल्यास ती केंद्राची कसूर समजावी, आणि तीन कसुरींनंतर केंद्र दुसऱ्यांच्या ताब्यात द्यावे. परिशिष्टात आठ घटक होते तोवर त्या कलमाला दात नव्हते. आता सापडेल ती प्रत्येक सुई कसूर होती. दशांशरावांनी प्रत मिटली.

त्यांनी पत्रे लिहिली. उपसचिवांना दोन, समितीच्या अध्यक्षांना एक. अध्यक्षांकडून पोच आली. उपसचिवांची बदली झाली होती. समितीचे काम संपल्यामुळे ती विसर्जित झाल्याचे तिसऱ्या आठवड्यात कळवण्यात आले, आणि त्यांच्या बहुमोल मार्गदर्शनाबद्दल आभार मानण्यात आले.

त्या सोमवारनंतर पाच आठवडे लोटले. पत्र्याच्या डब्यात सत्तर सुया जमल्या होत्या, आणि आज सकाळची एक. औषधाच्या दुकानदाराने डबा घेतला नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने आपल्या दवाखान्याच्याच सुया कोण नेणार याची पंचाईत असल्याचे सांगितले. पत्नी म्हणाली, "आता हा डबा असाच घरात फिरत राहणार का? टाकून द्या की गाडीत, सगळे टाकतात." ते डबा पिशवीत घालून बाहेर पडले आणि पाय नेतील तिकडे जाऊ म्हणता म्हणता आक्काच्या शेडपाशी पोहोचले. सून गेल्यावर भेटायला जायचेही राहून गेले होते.

शेडमध्ये नवा निरीक्षक आलेला होता. तरुण, नीटनेटका, गळ्यात ओळखपत्र. फरशीवर गोल ढीग, त्यावर फुलीच्या रेघा, पलीकडे सात टोपल्या. सगळे त्यांनी शिकवलेल्या पद्धतीबरहुकूम चालले होते. निरीक्षकाने त्यांना ओळखले आणि तो अदबीने उठून उभा राहिला. त्याच्या हातात नवे छापील प्रपत्र होते. त्यावर सात ओळी होत्या.

सुनेच्या जागी दुसरी मुलगी उभी होती. तिच्याही हातांत मोजे नव्हते.

आक्का पुढे आली. ती खंगली होती आणि तो आवाज राहिला नव्हता. "या साहेब," एवढेच म्हणाली. त्यांनी सुनेबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडले, पण तिने ढिगाकडे बघत मान हलवली आणि तो विषय तिथेच राहिला.

"आक्का," त्यांनी ढिगाशी वाकून विचारले, "काटे कुठे आहेत?"

आक्काने एकवार निरीक्षकाकडे पाहिले. टेबलाशी निवडणाऱ्या बायकांचे हातही क्षणभर थांबले.

"कसले काटे साहेब?" ती म्हणाली. "दोन्ही काटे त्या फळीवर काढून ठेवलेत की. धुऊन."

फळीवर दोन वजनकाटे खरोखरच लखलखीत उभे होते. त्या फळीखालच्या डब्यांवर आता गोणपाट टाकलेले होते आणि त्यावर विटा. निरीक्षक प्रपत्रावर खाली वाकला आणि लिहू लागला.

दशांशरावांनी पुढे विचारले नाही. विचारले असते, तर पहिली कसूर त्यांच्याच तोंडून नोंदली गेली असती. ते वळून शेडच्या उघड्या बाजूपर्यंत आले. आक्का पोचवायला मागोमाग आली. तिथे उन्हात त्यांची पिशवी हलली आणि आतला डबा किणकिणला. आवाज बारीकच होता, पण तीस वर्षे तोच आवाज ऐकत आलेल्या बाईला तो सांगावा लागला नाही.

"घरचे आहेत?" तिने हळूच विचारले.

"हिचे. इंजेक्शनचे. कुणी घेत नाही." ते घाईने म्हणाले, "मी परत नेतोय. तुम्हाला द्यायला नाही आणलेत."

आक्काने मागे वळून निरीक्षकाची पाठ बघून घेतली. मग पदर हाताभोवती गुंडाळला आणि पिशवीत हात घातला. त्यांनी पिशवी मागे ओढली, पण ती अर्धवटच. डब्याचे झाकण प्रवासात सैल झाले होते आणि एक सुई कडेतून अर्धी बाहेर आलेली होती.

"द्या इकडे साहेब," आक्का म्हणाली. "तुमच्या हाताला लागेल."